चौथीतल्या पोरीची वही कोरी, शाळेत नक्की चाललंय काय?

वाईकरीण | १८ ऑक्टोबर २०२५

नमस्कार मंडळी, इथं शिक्षक बरेच आहेत म्हणून विचारतेय, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मे महिन्यापर्यंत आम्ही पुण्यात होतो, लेक तिसरीपर्यंत इंग्लिश मीडियमला. मिस्टरांचं काम इकडं आलं आणि आम्ही वाईजवळ सासरच्या गावी राहायला आलो, तर जूनपासून तिला गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत घातलं. सगळ्यांनी वेड्यात काढलं पण पोरगी खूश आहे, सकाळी उठवावं लागत नाही, हे आधीच सांगते म्हणजे मी शाळेच्या विरोधात आहे असं कोणाला वाटायला नको.

परवा दिवाळीची सुट्टी लागली आणि मी दप्तर धुवायला काढलं. गणिताची वही, निम्मी भरलेली. त्यात मधेच चार पानं नुसते ठिपके आणि रांगोळ्या. परिसर अभ्यासाच्या वहीत एक फुलपाखरू, अंडं अळी कोष वगैरे बाण काढून, मग शाळेच्या आवाराचा एक वेडावाकडा नकाशा, पुढं सगळं कोरं. इतिहासाची वही तर जवळजवळ नवीच, मी कव्हर घातलं होतं तेही फाटलेलं नाही. आणि दप्तरात निघालं काय तर दोन बांबूच्या कामट्या, सुतळी, पुडीत बांधलेली मोहरी आणि एका काडेपेटीत वाळलेला रिकामा कोष, तो टाकला तर रडून गोंधळ घातला, परत कचऱ्यातून काढून द्यावा लागला.

पुण्यात या वेळेपर्यंत दोन युनिट टेस्ट, रोज डायरी, प्रत्येक धड्याची प्रश्नोत्तरं लाल पेनाने तपासलेली, असं सगळं असायचं. इथं विचारलं की काय केलं शाळेत तर म्हणते भोंडला केला, हत्ती मी काढला. परसबागेतली वांगी मोजली. कंदील केला. पंधरा तारखेला वाचन प्रेरणा दिन होता तर सगळी शाळा चिंचेखाली बसून पुस्तकं वाचत होती म्हणे, तिनं आख्खं पुस्तक वाचलं आणि गोष्ट मला सांगितली, ते आवडलं, खोटं कशाला बोलू.

पण अभ्यासाचं काय? त्यात आता व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय की स्कॉलरशिप परत चौथीला आणतायत. माझी जाऊबाई म्हणते आत्ताच गाईड आण आणि क्लास लाव. मी उगाच घाबरतेय का खरंच काही राहून जातंय?

खडूफळा | १८ ऑक्टोबर

ताई, मी पुणे जिल्ह्यात झेडपीत एकोणीस वर्षं शिकवतोय, त्यातली अकरा तिसरी-चौथीवर. तुमची पोस्ट वाचून हसलो आणि मग जरा ओशाळलोही, का ते शेवटी सांगतो.

आधी वहीचं. आपल्याकडं तिसरी-चौथीला १०० पैकी ६० गुण आकारिक मूल्यमापनाचे आणि ४० संकलितचे असतात. पहिली-दुसरीला तर ७०-३०. आकारिक म्हणजे रोजचं निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, वर्गकार्य, छोट्या चाचण्या हे सगळं मिळून. संकलित म्हणजे तुमच्या ओळखीची सत्र परीक्षा. म्हणजे निम्म्याहून जास्त मूल्यमापन असं आहे की ज्याचा पुरावा वहीत सापडेलच असं नाही, तो बाईंच्या नोंदवहीत असतो. शाळेत जाऊन ती बघायला मागा, पालकांना दाखवतात.

आणि गेल्या वर्षीपर्यंत दुसरीपासून पुढच्या पोरांच्या पुस्तकातच प्रत्येक धड्याला कोरी पानं जोडलेली होती, पोरं पुस्तकातच लिहायची, यंदापासून ती बंद झाली आणि परत वेगळ्या वह्या आल्या. तर 'वहीत लिही' ही सवय आमच्या पोरांना नव्यानं लावावी लागतेय, तेही एक कारण.

आता त्या रिकाम्या कोषाकडं वळू, कारण माझ्या मते तुमच्या दप्तरात सगळ्यात मौल्यवान तीच वस्तू आहे. चौथीच्या परिसर अभ्यासात सुरुवातीलाच प्राण्यांचा जीवनक्रम आहे. कढीपत्त्यावर नाहीतर लिंबावर पावसाळ्यात अळ्या येतात, लहान असताना त्या हुबेहूब चिमणीच्या शिटेसारख्या दिसतात म्हणून कोणी खात नाही त्यांना, मोठ्या झाल्या की हिरव्यागार. बरणीत घालून रोज ताजा पाला द्यायचा, मग ती खाणं सोडते, काडीला चिकटते, कोष करते, आणि साधारण दीडएक आठवड्यात सकाळी शाळेत यावं तर फुलपाखरू पंख वाळवत बसलेलं. माझ्या वर्गात एकदा कोषातून फुलपाखराऐवजी बारकी माशी निघाली, परजीवी, पोरं आठवडाभर त्यावरच बोलत होती. हे प्रश्नोत्तरात लिहून येत नाही. तुमच्या लेकीला नुसतं विचारा, कोष रिकामा कसा झाला. दहा मिनिटं बोलेल.

ठिपके आणि रांगोळ्या म्हणजे बहुतेक सममिती किंवा परिमिती-क्षेत्रफळ. ठिपके-कागदावर चौकोन काढून आतली घरं मोजायची. कंदीलही तेच. बाजू मोजायची, कडेने झिरमिळ्या लावायला किती पट्टी लागेल ते काढायचं, की झाली परिमिती.

स्कॉलरशिपचं: २०१६-१७ पासून ती पाचवी-आठवीला गेली होती, आता परत चौथी-सातवीला येतेय हे खरं. पण ती परीक्षा भाषा, गणित, इंग्रजी आणि बुद्धिमत्तेची, आणि उत्तराचा गोल रंगवायचा. त्यात लांबलचक प्रश्नोत्तरं लिहायचीच नाहीत, म्हणजे कोऱ्या वहीचा आणि तिचा संबंध कमी. दिवाळीनंतर बाईच सराव घेतील, क्लास आत्ता नको. जाऊबाईंना माझा नमस्कार सांगा.

ओशाळलो ते यासाठी की सगळंच उपक्रमामुळं कोरं असतं असं नाही. तुमच्या शाळेत चार वर्गांना दोन शिक्षक असतील तर एका वेळी दोन वर्ग एकाच खोलीत. त्यात एक जण मीटिंगला, मतदार यादीला, ऑनलाइन माहिती भरायला गेला की दुसऱ्याकडं चारही. मग तिसरीला लिहायला देऊन चौथीला शिकवायचं का उलटं, हे रोजचं. इतिहासाची वही कोरी असण्यामागं हेही असू शकतं. बाईंना विचारा, पण सुट्टीनंतर आणि चहा पाजून.

रोखठोक_नाशिक | १९ ऑक्टोबर

सर तुमचं सगळं पटलं पण मी दुसरी बाजू मांडतो. माझा मुलगा यंदा पाचवीत. चौथीपर्यंत शाळेत भारी भारी उपक्रम, फोटो ग्रुपवर, बियांपासून गणपती, कागदी पिशव्या, आनंददायी शनिवार, सगळं. आता पाचवीत सर म्हणाले आजारपणाचा रजेचा अर्ज लिही तर पठ्ठ्यानं दोन ओळी लिहिल्या त्यात 'आजारी' ला पहिली वेलांटी ज वर. तोंडी विचारा, धबधबा. लिही म्हटलं की हात दुखतो. लिहिणं हा हाताचा पण व्यायाम आहे, रोज दहा ओळी लिहिल्याशिवाय येत नाही, आणि ते शाळेनं नाही करून घेतलं तर कोण करणार, आई-बाप कामावरून आठ वाजता येतात. कृती कृती म्हणून शुद्धलेखन गेलं ते गेलं. वाईकरीण ताई, घाबरू नका पण रोज एक पान लिहून घ्या एवढं सांगतो.

सीनाकाठ | १९ ऑक्टोबर

मी परांडा तालुक्यातला, तिसरी-चौथीला शिकवतो. वह्यांचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो.

सप्टेंबरच्या शेवटी सीनेला पूर आला ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंच असेल. आमच्या पोरांच्या वह्या कोऱ्या नाहीत, वह्याच नाहीत. निम्म्या पोरांची दप्तरं वाहून गेली नाहीतर चिखलात लगदा झाली. शाळा उघडली तेव्हा आठ दिवस नुसता गाळ काढला. पुस्तकं उन्हात वाळत घातली, पानं एकमेकाला चिकटलेली, पोरं एक एक पान सोडवत बसायची आणि सोडवता सोडवता वाचायची बी. एकजण म्हणला, सर ह्या पानावर आपण आलोच नव्हतो.

मग शिकवायचं कशावर? जे समोर आहे त्यावर. चौथीला दिशा, नकाशा आणि नकाशातल्या खुणा हे धडे आहेतच. म्हणलं चला, गावाचा नकाशा काढू आणि पाणी कुठपर्यंत आलं ते निळ्या खडूनं दाखवू. भिंतीवर पाण्याची रेघ अजून दिसते, पोरांनी पट्टी घेऊन मोजली, देवळाच्या भिंतीवर किती, शाळेच्या किती, कुणाच्या घरात किती. आता रेघ एकाच पाण्याची, मग देवळात कमी आणि घरात जास्त का, तर जमीन खालवर आहे म्हणून, हे त्यांचं त्यांनीच काढलं. आमच्या जमिनीवर आख्ख्या वर्गाचा नकाशा आहे, तो वहीत कसा मावणार.

कोणी म्हणल सर सोयाबीन गेलं, घरात पैसा नाही, ह्यांना नकाशा सुचतोय. खरंय. पण पोरं शाळेत येतात तर खिचडीबरोबर काहीतरी पाहिजे ना डोक्याला. वह्या पुण्या-मुंबईच्या लोकांनी पाठवल्या, भरपूर आल्या, त्याबद्दल आभार. मात्र सगळ्या दोनशे पानी एकेरी रेघी आल्यात, पहिली-दुसरीला चौकटी आणि दुरेघी लागतात. पुढच्या वेळी कोणी पाठवणार असल तर तेवढं बघा.

वाईकरीण | १९ ऑक्टोबर

सीनाकाठ सर, काय लिहू कळत नाहीये. माझी पोस्ट मलाच बारीक वाटायला लागली. चौकटी आणि दुरेघी लक्षात ठेवते, आमच्या महिला मंडळात सांगते.

खडूफळा सर, विचारलं हो. कोष रिकामा कसा झाला. अर्धा तास!! त्यात कळलं की त्या काडेपेटीवर तिच्या मैत्रिणीचाही हक्क आहे आणि दिवाळीत ती पेटी आमच्याकडे अन् नंतर मैत्रिणीकडे राहणार असं ठरलंय.

ठकूआजी | २० ऑक्टोबर

मी निवृत्त शिक्षिका, सोलापूरची, आता कोथरूडला मुलाकडे असते. टाइप करायला वेळ लागतो, पण राहवलं नाही.

आमच्या वेळी पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वायकी, दिडकी असे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीडचे पाढे पाठ असत. रोज संध्याकाळी परवचा. मला अजून येतात. पण मी चाळीस वर्षांपूर्वी चौथीच्या मुलांना विचारायचे, पाच पावणे किती, लगेच उत्तर यायचं, पावणेचार. मग भाकरी समोर ठेवून म्हणायचे, हिची पाऊण दाखव, तर बघत बसायची. म्हणजे पाठ होतं पण दिसत नव्हतं. आता उलटं झालंय, दिसतं पण पाठ नाही. दोन्ही हवं हो. नातवाला मी दोन्ही करून घेते, पोळीची चतकोर त्याची आणि पावकी माझी.

भोंडल्याबद्दल कोणी काहीच बोललं नाही म्हणून सांगते. हस्त नक्षत्रावरून हत्ती, तो पाटावर तांदळाने किंवा धान्याने काढायचा. फेर धरून गाणी म्हणायची आणि खिरापत ओळखायची. ओळखायच्या खेळात मुलं प्रश्न विचारायला शिकतात. तिखट का गोड, कोरडं का ओलं, डाळीचं का पिठाचं. एका प्रश्नात अर्धे पदार्थ बाद झाले पाहिजेत, असं मी शिकवायचे. जी मुलगी नुसती 'लाडू का, चिवडा का, वडी का' करत सुटते तिला शेवटपर्यंत येत नाही. पूर्वी फक्त मुली खेळायच्या, आता शाळेत मुलगेही फेर धरतात, बरं वाटतं. आमच्या सोसायटीत डीजेवर भोंडला केला. त्याबद्दल न बोललेलं बरं.

नाशिककरांशी मी सहमत आहे. लिहायला हवंच. पण प्रश्नोत्तरं फळ्यावरून उतरवून नव्हे, ते लिहिणं नाही, ती नक्कल. स्वतःचं लिहायला द्या. चार ओळी चालतील.

एडिसनकर | २० ऑक्टोबर

इथं न्यू जर्सीत माझा मुलगा दुसरीत आहे आणि सांगू का, वही हा प्रकारच नाही. एक फोल्डर येतो शुक्रवारी, त्यात चार कागद. गेल्या आठवड्यात भोपळा. प्रत्येक टेबलाला एक भोपळा, आधी नुसतं बघून सुतळी कापायची की एवढी लागेल वेढा घालायला, मग घालून बघायचं, कोणाची कमी पडली कोणाची उरली. मग वजन. मग भोपळा फोडून बिया, दहा-दहाचे ढीग, दहा ढिगांचा शंभर. पोरगा घरी आला तर अंगाला भोपळ्याचा वास. माझ्या आईनं व्हिडिओ कॉलवर विचारलं मग त्याची भाजी काय केली, त्याला उत्तर देता येईना, इथं तो कोरून दारात ठेवतात हे तिला अजून पटलेलं नाही.

ठिपक्यांची रांगोळी मात्र मी चोरणार. आमच्याकडं रविवारची मराठी शाळा असते, तिथं या आठवड्यात दिवाळी आहे, एक बाई अनारसे आणणार आणि मी पंधरा पोरांना काहीतरी करायला देणार, असं ठरलंय. ठिपके-कागद छापून नेतो. आजी, खिरापतीचा एका प्रश्नात अर्धे बाद हा नियम आमच्या इथल्या सॉफ्टवेअरवाल्यांना पण शिकवायला पाहिजे, अर्धा दिवस बग शोधण्यात जातो.

खडूफळा | २१ ऑक्टोबर

रोखठोक साहेब, तुमचा मुद्दा मी टाळला होता आणि आजींनी बरोबर पकडला. आम्ही शिक्षक उपक्रम करतो, फोटो काढतो, अपलोड करतो आणि त्यावर पोरांना चार ओळी लिहायला लावायचं राहतं, कारण चाळीस जणांच्या चार ओळी तपासायच्या म्हणजे एकशेसाठ ओळी आणि तेवढ्यात लिंक येते माहिती भरायची. चूक आमची आहे. मी सुट्टीनंतर करून बघतो, प्रत्येक उपक्रमामागं एक पान.

वाईकरीण ताई, किल्ला केला का नाही? चौथीत असून दिवाळीत किल्ला नाही असं व्हायला नको. चौथीचं इतिहासाचं पुस्तक आख्खं शिवरायांवर आहे, म्हणजे इतिहासाची वही ती अंगणात लिहितेय असं समजा. आणि तुम्ही वाईच्या, समोर पांडवगड, प्रतापगड महाबळेश्वर ओलांडलं की आलाच.

वाईकरीण | २२ ऑक्टोबर

सगळ्यांना पाडव्याच्या शुभेच्छा!

किल्ल्याचंच सांगायला आले. ती मोहरीची पुडी त्यासाठीच होती हे मला आत्ता कळलं, मातीवर टाकली की चार दिवसांत हिरवळ. मी म्हटलं प्रतापगड कर, सोपा आहे, सगळ्यांना माहितीये. तर म्हणे गल्लीत तीन प्रतापगड आणि दोन रायगड झालेत, मी जिंजी करणार. मला जिंजी कुठं आहे तेही नीट सांगता येईना, तिनंच सांगितलं, तमिळनाडूत, जुलैमध्ये युनेस्कोच्या यादीत आपले बारा किल्ले गेले त्यातले अकरा महाराष्ट्रातले आणि हा एकटा बाहेरचा. बाईंनी वर्गात बाराच्या बारा नकाशावर लावून घेतले होते. महाराजांनी दक्षिणेच्या मोहिमेत घेतला आणि पुढं राजाराम महाराज तिथूनच राज्य चालवत होते, हेही सांगून झालं. पुढचं पुस्तकात नाही, बाईंनी सांगितलं म्हणे.

तर जिंजी म्हणजे तीन टेकड्या. एक नाही, तीन! आणि तिन्हींना मिळून एक तट. सासऱ्यांनी दोन पाट्या माती आणून दिली ती पहिल्या टेकडीतच संपली. मग पोती, विटा, जुनी बादली उपडी घालून दुसरी टेकडी, तिसरीला माझं कढईचं झाकण गेलं. चुलत भाऊ म्हणाला दरवाजा समोर ठेव म्हणजे दिसेल, तर तिनं भांडण काढलं की दरवाजा समोरून दिसला तर किल्ला कशाला म्हणायचं.

रात्री मी आजींचं ऐकून म्हटलं, येणारे-जाणारे विचारतायत हा कुठला किल्ला, तर एक पाटी लिही चार ओळींची. पुठ्ठ्यावर नऊ ओळी लिहिल्या. तीन ठिकाणी शुद्धलेखन चुकलंय, 'चढाई' ला ढ च्या जागी ड आहे, मी काही बोलले नाही. शेवटची ओळ अशी, 'कृपया बादली ओढू नये, ती टेकडी आहे.'

रोखठोक_नाशिक | २२ ऑक्टोबर

फोटो टाका राव. आणि पाटीचा वेगळा टाका, पोराला दाखवतो.

सीनाकाठ | २३ ऑक्टोबर

आमच्याकडं यंदा मातीला तोटा नाही, पोरांनी शाळेतनं काढलेल्या गाळाचा मोठा ढीग आहे मैदानाच्या कडंला. सुट्टीत बी येऊन त्यावरच किल्ला चाललाय. गाळ असल्यानं मोहरी दोन दिवसांत आली. कुठला किल्ला विचारलं तर म्हणले परांड्याचाच, भुईकोट आहे, चढायची भानगड नाही. खंदक मात्र खरा केलाय, पाणी सोडून.